बॉनेट न उघडता केलेले निदान

स्टिअरिंग जड झाले असता प्रथम तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण व चाकांतील हवा पाहावी, आणि ते विजेवर चालणारे असल्यास बॅटरीचा दाब (इंजिन बंद असता सुमारे 12.6 व्होल्ट) मोजावा, हे शास्त्र सर्वश्रुत असले, तरी सर्व्हिस सेंटरच्या वातानुकूलित दालनातील सल्लागार महाशय बॉनेट न उघडताच, केवळ अंतर्ज्ञानाने, संपूर्ण स्टिअरिंग रॅक बदलण्याचे फर्मान काढतात. गळणारी नळी तेवढी त्यांच्या खर्चाच्या दीर्घ फेरिस्तीत नसते. ‘किरकोळ खर्च’ ही बाब मात्र मुख्य रकमेशी निःसंकोच स्पर्धा करीत असते! तेव्हा वाचकहो, सही करण्यापूर्वी निदान लेखी मागा, दुसऱ्या कारागिराचा अभिप्राय घ्या आणि बदललेला जुना भाग आपल्या ताब्यात ठेवा.