चहा न पिणारा पाहुणा

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडला बाहेरून आलेल्या तरुण पाहुण्यांत सर्वांत नाव कुणी कमावलं असेल, तर ते जयनं. तो वाघ होता. २०१३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातून निघून शेतं, रस्ते, नदी-नाले ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून तो उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला, इथेच स्थायिक झाला, आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला तेव्हा गावातल्या माणसांनी घरचं पोरगं हरवल्यासारखी त्याची चौकशी केली. वाघाचं पोर वयात आलं की जंगलाचा कायदा त्याला घराबाहेर काढतो: आईच्या हद्दीत आता तुझं काम नाही, चालता हो, स्वतःची जागा शोध. अमेरिकेतल्या यूटा राज्यातही जवळपास हाच कायदा चालतो. तिथल्या मॉर्मन पंथातलं पोरगं अठरा वर्षांचं झालं की दोन वर्षं धर्मप्रचाराला बाहेर पडतं, मुली दीड वर्ष जातात. जयला कुणी निघताना पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर लावायला नावाची काळी पट्टी दिली नव्हती, इतकाच फरक. जंगलात पंजा मारून हद्द ठरते, मॉर्मनांत मुख्यालयाचं पत्र येतं. मिट रॉम्नी यांना ते फ्रान्सचं आलं होतं. ज्या देशात पाण्यापेक्षा वाइन सोपी, तिथे दारू न पिणारा धर्म घेऊन हा माणूस १९६६ पासून अडीच वर्षं दारं ठोठावत होता. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरण्याचा सराव त्यांना तिथेच झाला असावा.

सध्या अशी सत्तर हजारांवर पोरं-पोरी जगभर फिरत आहेत. मला त्यांच्यातले अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत पाठवलेले सर्वांत लोभस वाटतात, कारण त्यांची अवस्था विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, पोथी वाचायची, मग घामानं चिकटलेल्या शर्टावर टाय आवळून सायकलवर निघायचं. सोबतीला एक जोडीदार असतो, तो न्हाणीघर सोडलं तर कुठेही नजरेआड होता कामा नये. जय तरी शोलेतलं नाव घेऊन वीरूला मागे सोडून एकटा आला. मॉर्मन जयला वीरू चोवीस तास सांभाळावा लागतो. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा. घरी फोन करायची मुभा २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आणि या एकोणीस वर्षांच्या पोराला म्हणायचं ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे! ज्या वयात आपल्याकडे ‘काहून बे पोट्ट्या’ याहून मोठी पदवी मिळत नाही, त्या वयात हा मुलगा आजोबांना तारणाचा मार्ग सांगायला जातो. आजोबा बाप्टिस्ट असतात, त्यांचं तारण केव्हाच होऊन गेलेलं असतं. ते अंगणातल्या कुत्र्याला आवरतात आणि पोराला बर्फ घातलेला गोड चहा देऊ करतात. पोराला तोही घेता येत नाही, कारण या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू या चारही गोष्टी बंद आहेत.

हा मुलगा उमरेडला पाठवला गेला, तर त्याचं काय होईल? ‘या जी, बसा जी,’ हे ऐकून तो हरखेल. पाठोपाठ चहा येईल. तो नको म्हणेल. मग कॉफी विचारली जाईल, तीही नको. सौजन्याची शेवटची पायरी म्हणून कुणी खर्ऱ्याची पुडी पुढे करेल, आणि त्यालाही नको म्हटल्यावर घरात काळजीचं वातावरण पसरेल. ‘पोराला काही बिमारी आहे काय?’ अशी दबक्या आवाजात चौकशी होईल. शेवटी भिवापुरी मिरचीच्या तर्रीत बुडालेली पाटवडी समोर येईल. पंथाच्या नियमात तिच्याविरुद्ध अक्षर नाही, म्हणून तो ती खाईल, आणि स्वर्ग-नरकाबद्दल जे सांगायला आला होता त्यातला निम्मा भाग त्याला तिथेच प्रत्यक्ष कळेल. डोळ्यांतलं पाणी पुसत तो पोथी उघडेपर्यंत यजमानांनी त्याला गाव, बापाचा धंदा, भावंडं आणि लग्न या चार विषयांवर पूर्ण तपासलेलं असेल. अडीच तासांनी तो बाहेर पडेल तेव्हा त्याच्याविषयी सगळं उमरेडला ठाऊक असेल. उमरेडला काय सांगायचं होतं, ते मात्र त्याला आठवावं लागेल.

धर्म घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाकडून गाव किती बदललं, याचेच हिशेब आजवर मांडले गेले. मला ते हिशेब उलट्या बाजूनं लिहिलेले वाटतात. दार ठोठावणारा कितीही मोठं सत्य घेऊन आला, तरी तांब्याभर पाण्यासाठी तो दार उघडणाऱ्यावर अवलंबून असतो. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणतात. पण तहानलेल्या प्रचारकाच्या बाबतीत देणारा कोण, हे तांब्या कुणाच्या हातात आहे यावरून ठरतं. पाहुणा यजमानाला बदलायला येतो आणि यजमान पाहुण्याला बदलून परत पाठवतो, तेही आपण काही केलं याचा पत्ता नसताना.

पुरावा शोधायला यूटापर्यंत जावं लागत नाही. परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले. तेराव्या शतकात ते विदर्भात आणि गोदाकाठी फिरले आणि बोलले ते इथल्या लोकांच्या मराठीत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात गोळा केल्या आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तयार झाला. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला इथल्या लोकांनी आधी आपली भाषा दिली. त्यांच्या महानुभाव पंथानं तर प्रचाराचा आटापिटा बाजूला ठेवून भटकण्यालाच साधना मानलं. अटन, विजन आणि भिक्षा ही साधकाची दिनचर्या होती. एका गावात पाय रुतू द्यायचे नाहीत, मिळेल ते खायचं, जिभेचे लाड करायचे नाहीत. मॉर्मन नियमपुस्तक आणि हा आचार शेजारी ठेवले तर दोघांची शिस्त सख्ख्या भावंडांसारखी दिसते. महानुभावांनी मात्र एक गोष्ट उघड मान्य केली होती, की या वणवणीत सुधारायचा आहे तो चालणारा. मॉर्मन पोराला हे दोन वर्षांनी, सायकलची तिसरी चेन तुटल्यावर समजतं.

दुसरा पुरावा फादर स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला तो लोकांना ख्रिस्ताकडे न्यायला. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, ते जवळपास अकरा हजार ओव्यांचं. अहो, ओव्यांचं! ज्याला इथल्या लोकांची पुराणं सोडवायची होती, त्यानं स्वतःच एक पुराण रचलं. तिसरा पुरावा आपल्या नागपूरचा. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, मराठी शिकले, शाळा काढली. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पण त्यांच्या खात्यावर बाप्तिस्मे मोजके आणि दगड पेटारे भरून. उमरेडच्या खाणीतला कोळसा ज्या गोंडवाना खडकांतला, त्याच कुळातल्या कामठीच्या दगडांत त्यांनी पानांचे ठसे शोधले. एका खनिजाला त्यांचं नाव मिळालं. ज्यांना बायबल ऐकवायचं होतं त्या गोंडांकडूनच त्यांनी लिंगोची कथा ऐकून उतरवून घेतली. ती रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप गेले. विदर्भात आलेल्या या प्रचारकाचा शेवटचा दिवस विदर्भच समजून घेण्यात गेला होता.

मॉर्मनांचीही महाराष्ट्रात एक फेरी होऊन गेली आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन १८५२ मध्ये मुंबईला उतरला आणि पुण्याला पोहोचला. तिथे त्यानं मोजक्या माणसांची शाखा उभी केली, आणि १८५० चं दशक संपायच्या आत हा सगळा खटाटोप आवरला. आता पुणेकराचं दार ठोठावून त्याला ‘तुमचं काहीतरी चुकतंय’ असं सांगणं हे धैर्याचं काम आहे, हे उमरेडकर खुल्या मनानं मान्य करतील. दुपारी एक ते चार त्यानं काय केलं असेल, या कल्पनेनंच गलबलून येतं.

यावर पहिला आक्षेप असा, की भाषा शिकणं हा बदल कसला? तो गळाला लावलेला गांडूळ. मासा पकडायचा म्हणून कुणी मासेमाराला नदीनं बाटवलं म्हणत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण गळाला गांडूळ लावणारा गांडुळाचं व्याकरण लिहीत बसत नाही. अकरा हजार ओव्या होईपर्यंत गरज केव्हाच संपलेली असते आणि पुढे चालतो तो लोभ. शिवाय भाषा कोरी येत नाही. ‘येतो’ म्हणून निघायचं आणि ‘जातो’ म्हणायचं नाही, हे ज्याच्या जिभेवर बसलं, त्याच्या मनात निरोपाविषयीची एक अख्खी समजूत आपोआप येऊन बसते.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: हा सगळा पाटवडीचा विनोद झाला, पण धर्मप्रचारात आमिषं असतात, दडपणं असतात, कधी रक्तही सांडतं. हे खरं आहे, आणि विनोदानं ते झाकू नये. अमेरिकेच्या दक्षिणेतच १८७९ मध्ये जॉर्जियात जोसेफ स्टँडिंग या तरुण मॉर्मनाला जमावानं गोळ्या घातल्या, १८८४ मध्ये टेनेसीतल्या केन क्रीकला प्रार्थनेसाठी जमलेल्यांवर हल्ला होऊन माणसं मेली. आपल्याकडे उमरेड जेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर त्याची राजधानी, तेव्हा १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. आमिष दाखवणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. पण आमिष देणारा आणि बंदूक उचलणारा या दोघांनीही एक गोष्ट टाळलेली असते: ओसरीवर बसून समोरच्याचं ऐकणं. माझं म्हणणं ओसरीपुरतं आहे. जिथे ओसरीच नाही, तिथे पाहुणाही नाही आणि यजमानही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, आणि तो नागपूर जिल्ह्यात राहून टाळता येत नाही. ‘दार उघडणारा बदलत नाही म्हणता, मग १४ ऑक्टोबर १९५६ चं काय?’ त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. माणसं बदलली, घरं बदलली, भिंतींवरच्या तसबिरी बदलल्या, नावं बदलली. पण त्या दिवसाची दिशा बघा. कुणी कुणाच्या दारावर थाप मारायला गेलं नव्हतं. गावोगावचे लोक आपापली दारं ओढून स्वतः नागपूरकडे निघाले होते. त्याआधी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती, आणि मधली २१ वर्षं वाचण्यात, तपासण्यात, वाद घालण्यात गेली होती. म्हणून या आक्षेपानं माझं म्हणणं मोडत नाही, उलट पक्कं होतं. माणूस खरा बदलतो तो उंबरठा ओलांडून बाहेर पडतो तेव्हा. मॉर्मन पोरगं घर सोडतं म्हणून बदलतं, आणि १९५६ मध्येही जे चालत गेले, तेच बदलले.

एवढं मान्य झालं, तर उमरेडला आपलीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपणही दरवर्षी मिशनरी पाठवतो. बारावी झाली, पदवी झाली, की पोरगं पुण्याला जातं, एमपीएससीसाठी नाहीतर कंपनीत. मॉर्मन आईबाप दोन वर्षांचा खर्च उचलतात, आपलेही उचलतात, फक्त आपल्याकडे दोनाची पाच होतात. पहाटे उठून पोथी वाचायची, ती लक्ष्मीकांतांच्या राज्यघटनेची. चोवीस तास नजरेसमोर राहणारा जोडीदार म्हणजे रूम पार्टनर. कंपनीवाल्याच्या गळ्यात नावाची पट्टी असते. रविवार कपडे धुण्याचा. पोराचा पुण्याला जाताना निश्चय असतो, की पुण्याला तर्री म्हणजे काय ते शिकवू. दोन वर्षांनी दिवाळीला तो परततो. नॅरोगेज रेल्वे २०१९ मध्येच बंद झाली, म्हणून एसटीनं येतो. मिरचीचा रस्सा पाहून ‘थोडं तिखट आहे का गं?’ असं विचारतो. आजी हातातली पळी थांबवून त्याच्याकडे बघते, आणि कोणत्याही अनोळखी माणसाला विचारतात तेच, पूर्ण आदरानं विचारते, ‘चहा तरी घ्याल न जी?’