टक्क्यांचा घाम

विजेच्या गाडीत एसी बंद ठेवायचा आणि काचा मात्र पार वर चढवून ठेवायच्या, हे तप मी ऐन मे महिन्यात अमरावती ते अकोला केलेलं आहे. काचा खाली केल्या तर लोकांना कळेल ना, की गाडी महागाची आणि मालक चिक्कट! बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत महाबळेश्वर आहे. आत काय होतं ते सौ.नं बडनेरा ओलांडायच्या आत सांगितलं. "अहो, बॅटरी वाचवून तिची काय भाजी करता काय?"

तिला टक्क्यांचं सुख कळत नाही. पेट्रोलच्या गाडीतला काटा कुठंतरी अर्ध्यावर लोळत असतो, त्याच्याकडं कोण बघतो? इथं दहावीच्या निकालासारखा आकडा समोर लागलेला. ६३ चे ६२ झाले की पोटात कालवतं. आणि अकोल्यात उतरल्याबरोबर "किती उरली?" असं कोणी विचारलं, की उरलेली बॅटरी हा माझ्या चारित्र्याचा दाखला ठरतो.

हिशेब मला पाठ आहे. बॅटरी ३० युनिटची. शंभरेक किलोमीटरला तेरा-चौदा युनिट जातात. तापलेली गाडी निववताना एसी सुरुवातीला जोरात वीज ओढतो, पण एकदा आत गार झालं की तासाला युनिटभरात भागतं. म्हणजे अकोल्यापर्यंत फार तर दोन युनिट. कचोरी-चहाचे पैसे! एवढं ठाऊक असून बोट बटणाकडं जात नाही, कारण मी कूलरवर वाढलेला माणूस आहे.

आता कूलरचा विषय निघालाच आहे तर तो पुरा झाल्याशिवाय गाडी पुढं जाणार नाही. होळी झाली की आमच्याकडं तो पत्र्याचा देह गच्चीवरून खाली येई. गंज खरडायचा, रंग मारायचा, बाजारातून लाकडी गवताच्या नव्या ताट्या आणायच्या. पहिल्या दिवशी त्या ओल्या गवताचा वास घरभर फिरे आणि परीक्षा जवळ आल्याचं भानही त्याच वासानं येई. पंप दरवर्षी रुसायचा. बाबा टाकीत कोपरापर्यंत हात घालून ओरडायचे, "आधी बटन बंद कर बे!" तोवर त्यांना झटका बसून गेलेला असे. पाणी भरायची पाळी कोणाची, यावरून सख्ख्या भावांत बोलणं बंद होई. समोरची जागा आजोबांची, बाजूची पाहुण्यांची, आम्हा पोट्ट्यांना उरे ती शेजारच्या खोलीत चुकून वळलेली झुळूक. आमची हवा मे महिन्यात इतकी कोरडी, की ताटीतलं पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता ओलसर आवाज करतो. एका दीड टनी एसीच्या विजेत सहा-सात कूलर फिरतात, हे वाक्य मी इतक्या लग्नांत ऐकवलंय की आता मला बघून लोक ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत बसतात.

असो. लोणी गाव आलं. इथून माना गावापर्यंतच्या रस्त्यावर एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. पाऊस यायच्या आधीचं ऊन, खाली उकळतं डांबर. त्या रस्त्यावर मी दोन युनिटांसाठी घाम गाळत होतो.

पुढं एका ढाब्यापाशी चार्जर दिसला. गरज नव्हती, पण टक्के वाढताना बघायचा मोह कोणाला सुटलाय? तिथला गार्ड पत्र्याखाली बसला होता, डोक्याला ओला दुपट्टा, पायाशी पाण्याची कोमट बाटली. वायर जोडली तशी गाडीच्या पोटात काहीतरी घोंघावू लागलं.

"हे काय वाजते, साहेब?"

"बॅटरी तापू नये म्हणून गाडी तिला थंड करते."

"म्हंजे इले ऊन लागते!"

तो हसला. मला हसू येईना. चार्जरच्या पेटीतही पंखे फिरत होते, त्यांचा आवाज येत होता. त्या पत्र्याखाली पंखा नव्हता तो एकट्या या माणसाला. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात कलम १४४ लागलं, तेव्हा "उन्हाचीच जमावबंदी करा" म्हणून मीही विनोद पाठवले होते. त्याच आदेशात आस्थापनांनी कामगारांना पाणी आणि पंखे द्यावेत असंही होतं. तो भाग कोणी पुढं पाठवला नाही. कोणाला पाठवायचा?

अकोल्यात सासऱ्यांनी माझा भिजलेला सदरा न्याहाळला. "जावईबापू, गाडीले एसी नव्हता काय घेतला?" सौ. आत जाऊन जी हसली, ती स्वयंपाकघरातून ऐकू येत होती.

परतीच्या वेळी मी अक्कल चालवली. गाडी प्लगला असतानाच एसी सुरू करून ठेवला, तर वीज भिंतीतली जाते, टक्के जागचे हलत नाहीत. भिंत सासऱ्यांची, ही बारीकशी गोष्ट मी बोललो नाही. मोठा सॉकेट एकच, आणि त्यावर कूलर. तो काढला, गाडी लावली, आत जाऊन चहा घेतला. बाहेर येऊन बघतो, तर सासरे मागच्या सीटवर चपला काढून, चष्मा लावून 'देशोन्नती' वाचत बसलेले.

"सहाच्या आत निघू नका," पान उलटत ते म्हणाले, "अन् हे जरा एक नंबर वाढवा."