अर्थिंगवाले काका

मुलाने मुंबईहून सुटे भाग मागवून घरातच कॉम्प्युटर जोडला, त्याच्यापुढे नारळ फोडला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की रत्नागिरीतल्या घरात पुढचं वाक्य आईचं असतं. "काकांना हाक मार." कुठल्या काकांना, हे विचारावं लागत नाही. मांडवीपासून कुवारबावपर्यंत दर आळीत असे एक काका असतात. कुणी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कुणी आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतलेले, कुणी मुंबईच्या गोदीत हयात घालवून गावी परतलेले. त्यांना कॉम्प्युटरमधलं कितपत कळतं, याची चौकशी कुणी केलेली नसते. तशी गरजही नसते, कारण काका कॉम्प्युटर बघायला येतच नाहीत. ते भिंत बघायला येतात.

हाक मारली की लगेच येणं काकांच्या शास्त्रात बसत नाही. दुपारची झोप झाली, चहा झाला, की चारच्या पुढे गेटाची कडी वाजते. हातात कापडी पिशवी. तिच्यात टेस्टर, एका वायरीला चिकटपट्टी लावलेला मल्टिमीटर, शाळकरी खोडरबर, कागदाला लावायची एक तारेची क्लिप आणि होल्डरला दोन मोकळ्या वायरी जोडलेला शंभर वॉटचा जुना बल्ब. हे बल्ब बाजारातून जाणार असं दिसताच काकांनी एका वर्षीच्या आगोटीच्या सामानात ते डझनावारी भरून ठेवले होते.

टेबलावर मुलाचं मशीन थाटात उभं असतं. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे लागायची सोय. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे आवाजात आत्मविश्वास.

"काका, पॉवर सप्लाय साडेसहाशे वॉटचा आहे. गोल्ड."

"सोनं आईच्या कपाटात असू दे. प्लग कुठे लावलायस ते दाखव."

प्लग असतो एक्स्टेन्शन बोर्डात, तो बोर्ड दुसऱ्या बोर्डात आणि तो दुसरा भिंतीत, मात्र थेट नव्हे. भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं, म्हणून मध्ये तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारी बाजारातली पांढरी डबी. ही डबी दिसताच काकांचा चेहरा उजळतो. ती उपटून ते खिशात टाकतात. परत देत नाहीत. आळीतल्या अशा जप्त डब्यांचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा त्यांच्या माळ्यावर भरलेला आहे म्हणतात.

मग बल्ब निघतो. आधी घरातल्या सगळ्यांना ओटीवर बसवतात, फ्रिजला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद देतात. घरातल्या तीन भोकांच्या सॉकेटात एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली की बल्ब झगझगीत पेटतो. मग दुसरी वायर वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगला. बल्ब काजव्याएवढा मिणमिणतो, किंवा तेवढाही नाही. या क्षणासाठी काका जगतात. (वाचकांनी हा प्रयोग करू नये. अर्थिंग तुटकं असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या पत्र्याच्या प्रत्येक वस्तूत वीज उतरू शकते. ओटीवर बसवतात ते त्यासाठी.)

"वहिनी, जयगडला 1200 मेगावॉट वीज बनते. एन्रॉनचे 740 मेगावॉट 1999 साली सुरू झाले आणि 2001 साली बंद पडले, तेही आपल्याच जिल्ह्यात. एवढी वीज आसपास, आणि तुमच्या भिंतीत तिला परत जायला वाट नाही."

"खड्डा आहे हो काका. घर बांधलं तेव्हा केलेला."

"कुठे आहे?"

इथे घर गप्प होतं. खड्डा होता खरा. मीठ-कोळसा घालून नळी पुरली होती. पुढे गाडी आली, गाडीखाली पेव्हर ब्लॉक आले आणि खड्डा त्यांच्याखाली गेला. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जमीन जांभ्याची. जांभा भोकाभोकांचा, पाणी धरत नाही. शिमग्यापर्यंत तो खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरड्या जांभ्यातून विजेला नीट वाट मिळत नाही. पावसाळ्यात गुणी वागणारं कॅबिनेट मे महिन्यात हाताला झिणझिण्या देतं ते यामुळे. आत, एसएमपीएसच्या, म्हणजे त्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी, विजेतला गोंगाट गाळणारे बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं की तो चिमूटभर प्रवाह मुकाट जमिनीत जातो. नसलं की पत्रा 230 व्होल्टच्या निम्म्यावर तरंगत राहतो. त्याने माणूस मरत नाही, पण पेन ड्राइव्ह हातातून उडतो. घरच्यांनी मात्र स्वतःची समजूत काढलेली असते: नवीन मशीन आहे, सुरुवातीला थोडं मारायचंच.

आता खरं सांगायचं तर अर्थिंग नाही म्हणून कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, असं सहसा होत नाही. काकांना हे पक्कं ठाऊक असतं. पण एरवी कुणाच्या घरात शिरून "तुमचा खड्डा दाखवा" म्हणायची सोय नाही. बंद पडलेला कॉम्प्युटर ही सोय करून देतो. मला विचाराल तर यात त्यांचं काही चुकत नाही. गिझरला हात लावून जीव गेल्यावर खड्डा शोधण्यापेक्षा हे बरं.

भिंतीचा पंचनामा आटोपला की ते मशीनकडे वळतात, तेही उपकार केल्यासारखे. मागे वाकून एसएमपीएसचा स्वतःचा बारीक काळा स्विच बघतात. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. स्विच बंद असतो. काका तो चालू करतात, बोलत काहीच नाहीत, फक्त मुलाकडे बघत चहाचा कप उचलतात. त्या बघण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

स्विच चालू असेल तर कॅबिनेट उघडायची आज्ञा होते. प्रोसेसरच्या कडेची आठ पिनांची वीज लावायची राहून गेली असेल तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. मुलांनी 24 पिनांचा जाडजूड कनेक्टर लावलेला असतो आणि त्या ऐटीत हा धाकटा विसरलेला असतो. पुढच्या बटणाच्या दोन केसाएवढ्या वायरी शेजारच्या पिनांवर गेल्या असतील तर बटण दाबून बोट दुखतं, बाकी काही होत नाही. काका नेमक्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून बटणाशिवाय मशीन सुरू करून दाखवतात, तेव्हा ओटीवरची आजीसुद्धा आत येऊन बघते.

तरीही हूं नाही की चूं नाही, तर तारेची क्लिप निघते. एसएमपीएस सगळ्यांपासून सोडवून एकटा घेतात आणि 24 पिनांतली हिरवी वायर क्लिपने काळीला जोडतात. (हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा काका नव्या पिढीला नावं ठेवत पिना मोजतात, हिरवीचा नंबर सोळावा.) पंखा फिरला म्हणजे सप्लायमध्ये जीव आहे. जीव आहे, एवढंच. ओझं आल्यावर तो टिकेल की नाही, हे क्लिप सांगत नाही. मग सगळा मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. बाहेर चालला आणि आत मेला, तर बोर्डाखाली नको तिथे एक पितळी स्टँडऑफ उभा असतो आणि बोर्डाला शॉर्ट करत असतो. काढलेला स्टँडऑफ काका खिशात टाकतात. त्या खिशात काय काय असेल देव जाणे.

इन्व्हर्टर हा काकांचा जिव्हाळ्याचा वैरी. लाइट गेली की पंखे चालू राहतात आणि कॉम्प्युटर तेवढा बसतो, ही तक्रार पावसाळ्यात घरोघर. वीज तुटल्यावर चांगला एसएमपीएस साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बदली करायला त्याहून जास्त वेळ लागतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो कुणी पाहिलेला नसतो. काका खटका पाडतात आणि वर सुनावतात की न्यूट्रलवर झावळी पडून तो तुटला, तर एका घरात दिवा डिम आणि शेजारच्या घरात चारशेच्या आसपास व्होल्ट, तेव्हा तुझं गोल्डही राहणार नाही आणि प्लॅटिनमही. वारा सुटला की प्लग काढ.

काका सर्वज्ञ नाहीत, पण कबूल करतील ते काका कसले? हल्लीची डीडीआर5 रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेत बसतो. पंखे फिरतात, पडदा काळा, आणि यात कधीकधी कित्येक मिनिटं जातात. अधीर मुलं तेवढ्यात बटण दाबून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. अशा एका घरी काकांनी रॅम खोडरबरने घासून झाली, बोर्ड शॉर्ट आहे असा निकालही दिला आणि पोह्यांची बशी हातात घेतली. पोहे संपेपर्यंत कुणी मशीनला हात लावला नाही, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"मघाशी मी प्लग घट्ट बसवला ना," काका म्हणाले.

पैसे विचारलेले त्यांना आवडत नाहीत. मे महिन्यात मात्र ते पडवीतल्या आढीशी रेंगाळतात, दोन आंबे हुंगतात आणि "तयार व्हायला वायच वेळ आहे" असं म्हणून जातात. डझनभर हापूस तयार झाला की घरी पोचवायचा, हे ज्याला कळलं त्याचं मशीन पुढच्या वेळी काका सकाळीच बघायला येतात. पायरी पाठवलेल्या घराला चार वाजेपर्यंत थांबावं लागतं.

तेव्हा काकांना हाक मारण्यापूर्वी एवढं करा. मागचा काळा स्विच बघा, आठ पिनांचा कनेक्टर बघा, रॅम नवी असेल तर बटणाला हात न लावता दहा मिनिटं गप्प बसा. आणि तरीही बोलवायची वेळ आलीच, तर आदल्या संध्याकाळी दोन पेव्हर ब्लॉक उचकटून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ठेवा. विचारतील तेव्हा कालच ओतलं म्हणून खरं सांगा. बल्बवरून त्यांना ते कळतंच.