उद्याचा भाव आजच्या ओळीत आणण्याची कृती (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य: लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि येवला या तीन बाजारांतले सरलेल्या वर्षाचे कांद्याचे भाव, एका बाजाराखाली दुसरा, दर दिवसाला एक ओळ. एखादं सांख्यिकी सॉफ्टवेअर. चहा, जरा जास्तच.

साहेबांचं मागणं साधं आहे. प्रत्येक ओळीत आजच्या भावाशेजारी उद्याचा भाव दिसला पाहिजे. एक्सेलमध्ये हे शेंबडं पोरही करेल: शेजारच्या रकान्यात खालच्या ओळीचा पत्ता द्यायचा आणि कोपरा धरून शेवटपर्यंत ओढत न्यायचं. पण तुम्ही आता एक्सेलवाले राहिला नाहीत, तुमची बढती झाली आहे. त्यामुळे हेच काम आता दुपारपर्यंत चालेल.

पायरी पहिली. सॅस उघडा आणि 'लीड' नावाचं फंक्शन शोधा. 'लॅग' आहे म्हणजे 'लीड'ही असणारच, इतका भाबडा विश्वास नवशिक्याला शोभतो. डेटा स्टेपमध्ये ते नाही. सॅस जन्माला आलं 1960च्या दशकात, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात, पंच कार्डांच्या जमान्यात. कंपनी झाली ती नंतर, 1976मध्ये. डेटा स्टेपचा स्वभाव मात्र कार्डांचाच राहिला: एक ओळ आत घ्यायची, तिचा हिशेब करायचा, ती बाहेर लिहायची, मग दुसरी. खालची ओळ अजून दारातही आलेली नसते, तिचा भाव सांगणार कोण? आजही कोडमध्ये 'कार्ड्स' असं लिहून खाली आकडे टाइप केलेत, तर सॅस ते निमूटपणे वाचतं. शिव्या देण्याआधी एवढं ध्यानात घ्या की याच स्वभावामुळे मेमरीत न मावणारी अगडबंब फाइलही ते न कुरकुरता वाचून काढतं.

पायरी दुसरी. निराश होऊन लॅगकडे वळा. लॅग मागच्या ओळीत डोकावतं, असा सार्वत्रिक समज आहे. तो मनापासून बाळगा आणि फसा. लॅग कुठेही डोकावत नाही. जेव्हा जेव्हा त्याला हाक माराल, तेव्हा ते आत्ताचा आकडा खिशात टाकतं आणि मागच्या हाकेला टाकलेला आकडा हातावर ठेवतं. समजा, सोमवारच्या ओळीत शनिवारचा भाव हवा म्हणून तुम्ही 'वार सोमवार असेल तरच लॅग' असं लिहिलंत. हाती येईल गेल्या सोमवारचा भाव, कारण मधल्या दिवसांत त्याला कुणी हाकच मारली नव्हती. लॅग अटीच्या बाहेर, दर ओळीला चालवा आणि अट नंतर लावा. एवढं एक वाक्य नीट कळलं, तर बाकीची मार्गदर्शिका फाडून टाकली तरी चालेल.

पुढची ओळ हवीच असेल, तर जुने जाणते एक युक्ती सांगतात: फाइल तिच्या स्वतःशीच जोडा. मर्जमध्ये तीच फाइल दोनदा लिहायची, दुसऱ्या प्रतीला 'फर्स्टऑब्स=2' सांगायचं म्हणजे ती एक ओळ पुढून सुरू होते, आणि तिच्यातल्या भावाचं नाव बदलून 'उद्या' ठेवायचं. नाव बदलायला विसरलात तर उद्याचा भाव आजच्या भावावर जाऊन बसतो आणि आजचा कुठे गेला हे कुणालाच कळत नाही. दुसरा मार्ग असा की तारखा उलट्या लावा, लॅग घ्या, परत सुलट्या लावा. ओबडधोबड आहे, पण चालतो.

आता लासलगावची शेवटची ओळ बघा. म्हणजे खरंच फाइल उघडून डोळ्यांनी बघा. 31 डिसेंबरच्या लासलगावचा 'उद्या' आहे पिंपळगावचा 1 जानेवारीचा भाव, तोही त्याच सरलेल्या वर्षाचा. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. त्याच्या लेखी खालची ओळ ती खालची ओळ. गाव बदललं, वर्ष मागे गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा दुसऱ्या प्रतीतून बाजाराचं नावही वेगळ्या नावाने आणा आणि दोन्ही नावं जुळत नसतील तिथे 'उद्या' कोरा करा.

स्टेटावाल्यांना हे सगळं वाचून हसू येत असेल. त्यांच्याकडे भावापुढे चौकटी कंसात 'अंडरस्कोर एन अधिक एक' लिहिलं की काम फत्ते. आधी 'बायसॉर्ट बाजार' म्हणायचं आणि तारीख गोल कंसात ठेवायची. कंस विसरलात तर प्रत्येक बाजाराचा प्रत्येक दिवस हा स्वतंत्र गट ठरतो, त्याला पुढची ओळच उरत नाही आणि अख्खा कॉलम टिंबांनी, म्हणजे कोऱ्या जागेच्या खुणांनी, भरतो. आर आणि पायथन वापरणारी मंडळी तर चहा निवायच्या आत मोकळी होतात: डीप्लायरमध्ये लीड आहेच, पांडाजमध्ये 'शिफ्ट'ला उणे एक सांगायचं. पुढे जायला उणे का, हे विचारत बसू नका. आरच्या मूळ लॅगपासून मात्र चार हात लांब राहा. कालमालिकेवर त्याला एक सांगितलं तर ते मालिकाच एक पाऊल अलीकडे सरकवतं, म्हणजे लॅग म्हणून मागितलेलं लीड होऊन हाती पडतं. साध्या आकड्यांच्या रांगेवर चालवलं तर आकडे जागचे हलतही नाहीत.

रविवारी लिलाव नसतो. शनिवारच्या खालची ओळ सोमवारची. मग शनिवारचा 'उद्या' कोणता? ओळी मोजणारा स्टेटा सोमवारचा भाव देईल. तारखा ओळखणारा त्याचाच 'एफ' ऑपरेटर म्हणेल की उद्या रविवार, भाव नाही, आणि टिंब ठेवेल. दोघंही बरोबर आहेत. चुकलं असेल तर साहेबांचं वाक्य, कारण त्यांना उद्याचा भाव हवाय की पुढच्या लिलावाचा, हे त्यांनी सांगितलेलंच नाही. उठा आणि विचारून या. सबंध कृतीतली अवघड पायरी हीच.

प्रत्येक बाजाराच्या शेवटच्या ओळीपुढे काहीच नाही, म्हणून तिथे टिंब येतं, आणि त्या टिंबावरून सॉफ्टवेअरांचे स्वभाव कळतात. 'उद्याचा भाव आजच्यापेक्षा जास्त असेल तर तेजी' असा कॉलम बनवा. स्टेटा टिंबाला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतो, त्यामुळे त्याच्याकडे फाइल संपताना तिन्ही बाजारांत न चुकता तेजी. सॅसच्या लेखी टिंब सगळ्यांत लहान, म्हणून तिथे त्याच ओळींत मंदी. आर 'माहीत नाही' म्हणतं. पांडाज 'नाही' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. अहवाल कांदा उत्पादकांना पाठवायचा की व्यापाऱ्यांना, यावरून सॉफ्टवेअर निवडणं हा मार्ग मोहाचा आहे, पण या मार्गदर्शिकेला तो मान्य नाही. टिंबाची अट वेगळी लिहा.

कृती झाली. आता ही फाइल कुणीतरी भावाचा अंदाज बांधणारं मॉडेल शिकवायला मागून नेईल. चाचणीत मॉडेल कांद्याचं भविष्य रुपयागणिक अचूक सांगायला लागलं, तर पेढे मागवण्याआधी त्याला दिलेल्या कॉलमांची यादी वाचा. त्यात कुठेतरी 'उद्या' असेल.