पॉम्पेई, भागिले चार

जर्मनीत एम.एस.ला गेलेला मराठी मुलगा पहिल्या हिवाळ्यात बर्फाचे फोटो काढतो, दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाला शिव्या घालतो आणि या दोन हिवाळ्यांच्या मध्ये कधीतरी तीन मित्रांबरोबर इटलीला जाऊन येतो. प्राचीन संस्कृतीची ओढ वगैरे नंतर सांगायची कारणं; विमानाचं तिकीट स्वस्त मिळालेलं असतं. त्या तिकिटात पाठीवरची एकच सॅक नेता येते, म्हणून तो दोन शर्ट एकावर एक अंगात घालतो आणि वाचलेल्या जागेत भडंगाची पिशवी कोंबतो. चौघांत कामाची वाटणी आपोआप झालेली असते. एक जण एक्सेलमध्ये मिनिटागणिक बेत आखतो, दुसरा उशिरा उठून तो मोडतो, तिसरा फोटो काढतो आणि चौथा हिशेब ठेवतो. आपल्याला काम आहे ते या चौथ्याशी. पाण्याच्या बाटलीचं बूच उघडायच्या आत त्याने तिची किंमत मोबाइलमध्ये टाकून चाराने भागलेली असते. नेपल्सहून व्हेसुव्हियस ज्वालामुखीला वळसा घालत जाणाऱ्या लोकलमध्ये बाकीचे प्रवासी गर्दीने कावतात. डोंबिवलीत वाढलेल्या या गड्याला ती रिकामी वाटते. त्याला पहिला धक्का बसतो तो पॉम्पेईच्या तिकीटखिडकीवर. दोन युरोंचं सवलतीचं तिकीट 18 ते 25 वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी असतं. हा विद्यार्थी खरा, वय बावीस हेही खरं, पण पासपोर्टावर तीन सिंह. पूर्ण पैसे मोजून आत शिरलेला हा माणूस आता प्रत्येक दगडाकडून वसुली करणार, हे उघड आहे.

रसिक प्रवाशांना हा प्राणी अजिबात खपत नाही. त्याला काही कळत नाही, तो नुसता किमती विचारत आणि खात हिंडतो, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की, पॉम्पेई बघायला याच्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं ते काही सम्राटाच्या राजधानीचं शहर नव्हतं. बंदराजवळचं, खाऊनपिऊन सुखी असं बाजाराचं गाव होतं. ते समजायला लॅटिनपेक्षा महिनाअखेरची ओढाताण जास्त उपयोगी पडते. रस्त्यारस्त्यावर दगडी कट्टे आहेत आणि कट्ट्यांत मोठे रांजण बसवलेले आहेत. ही खाण्याची दुकानं. 2020 मध्ये पूर्ण उकरलेल्या अशा एका दुकानात बदक, बकरा, डुक्कर, मासा आणि गोगलगाय यांचे अवशेष मिळाले. एका दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर तर दरपत्रकच आहे: एका नाण्यात साधी, दोन नाण्यांत बरी, चार नाण्यांत उंची फालेर्नियन. कलाप्रेमी माणूस यापुढे रोमन समाजरचनेचा विचार करत थबकतो. आपला हिशेबनीस तत्काळ सांगतो की चौघांनी मिळून दोनवालीच घेतली असती, आणि त्या गावातल्या बहुतेकांनीही तेच केलं असणार. रस्ता ओलांडायला मधोमध ठेवलेले उंच दगड बघून त्याला कुणी समजवावं लागत नाही. रस्त्यावरून सांडपाणी वाहायचं, हे तो पावसाळ्यात गल्लीत टाकलेल्या विटांवरून उड्या मारत शाळेत गेला असल्यामुळे दगड पाहताक्षणी ओळखतो. एका घराच्या उंबऱ्यापाशी साखळीतल्या काळ्या कुत्र्याचं चित्र आणि त्याच्याकडून जपून राहण्याचा इशारा रंगीत खड्यांत बसवलाय. चौघांतला जो सदाशिव पेठेतला असतो, त्याला तिथे माहेरी आल्यासारखं होतं. निवडणुकीच्या जाहिराती तर भिंतीभिंतीवर रंगवलेल्या आहेत. वाटिया नावाच्या उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा जाहीर पाठिंबा असल्याचं एकीत लिहिलंय. ही विरोधकांची खोडी असावी. चौकाचौकात शुभेच्छुकांचे फ्लेक्स वाचत मोठा झालेला मुलगा हे भाषांतर वाचून हसतो, तेव्हा तो अडाणीपणाने हसतो असं कोण म्हणेल?

सेल्फीचं काय, हा पुढचा आक्षेप. प्रत्येक खांबाशेजारी स्वतःचं तोंड कशाला? पण ही हौस मोबाइलने आणलेली नाही. पॉम्पेईच्या सभागृहाच्या भिंतीवर गायुस पुमिडियुस डिपिलुस नावाच्या माणसाने आपण इथे येऊन गेल्याचं कोरून ठेवलंय, आणि सोबत तारीखही दिलीय. ती पडते इ.स.पूर्व 78 मधली 3 ऑक्टोबर. म्हणजे गाव गाडलं गेलं तेव्हा हे कोरलेलं दीडशे वर्षांचं जुनं होतं. त्याने दुसरं काय केलं ते ठाऊक नाही. आला होता, एवढं मात्र नक्की. रायगडावर बदाम कोरणारे त्याच्याच गोत्रातले. त्यापेक्षा आपला नायक भिंतीला हात न लावता मोबाइलमध्ये तोंड साठवतो, ही मला तरी दोन हजार वर्षांतली ठळक प्रगती वाटते.

मेलेल्या माणसांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्या उरल्या होत्या. 1863 मध्ये पुरातत्त्वज्ञ फियोरेल्लीने त्यांत प्लास्टर ओतलं आणि तोंड झाकून घेतलेली, कुशीवर वळलेली माणसं जशीच्या तशी बाहेर आली. त्यांच्यासमोर हसरा फोटो काढणं वाईटच, आणि चौघांतला एक जण तो काढतोच. इथे मी वकिली करत नाही. फक्त एक पुरावा नोंदवतो: घरच्या ग्रुपवर पिझ्झा जातो, खांब जातात, तो फोटो जात नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो चौघांपैकीच एक जण घेतो. दुपारी तीनच्या सुमारास, पाय दुखायला लागल्यावर, तो जाहीर करतो, “आपल्या वेरूळपुढे हे काहीच नाही, भावा.” यात तथ्य आहे. अख्खा डोंगर वरून खाली कोरत नेलेल्या कैलासापुढे दगडी कट्टे किरकोळच दिसणार. अडचण एवढीच की वक्ता वेरूळला सातवीच्या सहलीत गेला होता आणि त्याला आठवतो तो बसमध्ये झालेला वांतीचा प्रकार. शिवाय ही तुलना जिथे खरोखर रंगली असती, तिथे हे चौघे जातच नाहीत. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, दागिन्यांनी मढलेली, उघडच भारतीय घडणीची. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत, आणि ती भोकरदनच्याच बाजूची असावी असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे मराठवाड्यातून या गावात पोचलेली कदाचित पहिली पाहुणी, तीही सवलतीच्या तिकिटाशिवाय. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. एक्सेलमध्ये संध्याकाळी पाच ते सहा हा वेळ तिच्या नावाने राखलेलाही असतो. पण सकाळी एक जण उशिरा उठलेला असतो, संग्रहालयाचं तिकीट वेगळं पडतं, आणि त्याला चाराने भागून आलेला आकडा एका मार्गेरिता पिझ्झापेक्षा जास्त निघतो.