बी-टूचं सूत जुळलं हो!

ऐकलंत का? ते बी-टू जीवनसत्त्व हो, रायबोफ्लेविन! दूध-अंडी-पालेभाजीच्या घरातलं, पिवळंधमक, गरीब. तोंड आलं की आपण आठवण काढायची, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणे जर्मनीत, ड्रेस्डेनला, अतिनील किरणांबरोबर सापडलं. अर्धा तास! आणि कुठे, तर माणसाच्या डोळ्यात!

लपूनछपून तरी करावं की नाही? छे. वोलेनझाक, श्पोर्ल आणि झाइलर या तिघांनी 2003 साली सगळं प्रकरण छापूनच आणलं. त्याचं असं आहे की केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. मुळात तो जाड असतो अर्धा मिलिमीटर, त्यात हे. मग चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी पळतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. कॉर्नियातले कोलॅजेनचे धागे सैल पडलेले असतात. त्यात बी-टूचे थेंब मुरवायचे आणि वरून 370 नॅनोमीटरचे किरण सोडायचे, की धाग्याधाग्याचं सूत जुळतं. कॉर्निया ताठ होतो आणि बहुतेकांचं पुढचं बिघडणं थांबतं. चष्मा जातो असं मात्र कोणी म्हणालेलं नाही. ते आपणच मागाहून लावलेलं तिखटमीठ. अमेरिकेच्या एफडीएनंही 2016 मध्ये या जोडप्याला मान्यता दिली म्हटल्यावर आपण कशाला तोंड वाकडं करा?

फक्त दारात एक आत्याबाई बसलेल्या असतात. कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर. त्या बी-टूला आत येऊ देत नाहीत, म्हणून मूळ पद्धतीत डॉक्टर आधी त्यांनाच खरवडून बाजूला करतात. पुढचे तीन-चार दिवस डोळा असा चुरचुरतो की विचारू नका.

आता ही चुरचुर कोणाला हवी? इथूनच नवी टूम निघाली. अमेरिकेत काही नेत्रतज्ज्ञांनी मोजक्या रुग्णांना बी-टूच्या 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि रोज 15 मिनिटं ऊन देऊन पाहिलं. बिचारे पडताळून पाहत होते. पण बातमी आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोचेतो तिचा ‘रामबाण उपाय’ झालेला! दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला केराटोकोनस. काकूंनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि डबाभर गोळ्या मागवल्या.

माणसाला दिवसाला लागतं दीड-दोन मिलिग्रॅम. एका वेळी आतडं फार तर 27 मिलिग्रॅम आत घेतं, उरलेलं वाटेला लागतं. कॉर्नियात तर रक्तवाहिनी नावालाही नाही, म्हणून तर तो पारदर्शक. तिथे पोटातून कितीसं पोचणार? काकूंकडे पुरावा होता. ‘‘गुण येतोय हो! लघवी बघा कशी पिवळीजर्द होते!’’ अहो काकू, ते बी-टू घर सोडून चाललंय, आणि तुम्ही औक्षण करताय!

मग तांब्याचा लोटा निघाला. धाग्यांच्या गाठी मारणाऱ्या लायसिल ऑक्सिडेझ नावाच्या विकराला तांबं लागतं, हे अगदी खरं. तांब्याच्या थेंबांवरही परदेशात प्रयोग झालेत. पण थेंब डोळ्यात घालायचे होते, आणि काकू लोटा ओतत होत्या मुलाच्या घशात! ड जीवनसत्त्वाचंही तेच. काही पाहण्यांत केराटोकोनसच्या रुग्णांत ते कमी दिसलं. पण कमी दिसलं म्हणजे त्यानंच घात केला, असा न्याय आपण शेजारणीलाही लावत नाही. (म्हणजे लावतो. पण लावू नये.)

आपल्याकडे कुठे असलं काही, असं म्हणू नका हं. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले, तेव्हा शंभरात दोघांहून जास्त जणांत केराटोकोनसची शंका निघाली. मोजायची पद्धत जरा ढिली होती अशी कुरकुर झाली, तरी आकडा काही लहान नाही.

आणि ज्याच्यावर डॉक्टरांचा खरा डोळा आहे, त्याची चर्चाच नाही! डोळे चोळणं! ॲलर्जीची खाज सुटते आणि पोरगं मुठीनं डोळे कणीक तिंबावी तसे तिंबतं. पण ‘चोळू नको’ यात कसली आलीय टूम? त्याला ना डबा, ना मात्रा, ना पिवळा रंग.

चैत्र-वैशाखभर काकूंनी लेकाला रोज पाव तास गच्चीवर बसवला, त्यांच्या उडदाच्या पापडांशेजारी. डोळ्यात धूळ जाई, तो डोळे चोळी. परवा कॉर्नियाचा नकाशा पुन्हा काढला, शंकू आणखी वर आलाय. आता तारीख घेतलीय, जर्मन पद्धतीचीच.

पापड मात्र असे कडक वाळलेत म्हणून सांगू!