भोपाळचा ळ परत दे

ऑटोकरेक्टा,

पत्राच्या सुरुवातीला सा. न. वि. वि. लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुला ते लिहीत नाही. तुझ्याशी माझं भांडण आहे आणि ते चारचौघांत करायचं म्हणूनच हे पत्र उघडं लिहिते आहे.

मागच्या डिसेंबरात पुण्याला माझ्या भाचीला मुलगा झाला. आईला पणतू झाला. नागपूरच्या मावशीला ही बातमी आपणच कळवायची, असं आईने ठरवलं. खिडकीतल्या उन्हात बसून, चष्मा पुसून, एका बोटाने तिने लिहिलं, "बाळ छान आहे. काळजी करू नको." मावशीच्या फोनवर पोचलं ते असं : "बाल छान आहें. कालजयी करू नको."

मावशीने लगेच फोन केला. "अगं, कुणाचे बाल? आणि हिंदीत का लिहून राहिली तू?" ती हसत होती. आई हसली नाही. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन आपलीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली आणि मला म्हणाली, "माझंच चुकून राहिलं वाटतं आताशा."

हे मला सहन झालं नाही. कॉलनीतली मराठी मुलं शाळेत हिंदी शिकत, म्हणून दर रविवारी त्यांना गच्चीवर बसवून मुळाक्षरं गिरवून घेणारी ही बाई. माझ्या पत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिने लाल पेन्सिलीने खूण करून मला परत पाठवलेली आहे. तिला तू पंचाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या मराठीबद्दल शंका घ्यायला लावलीस.

आम्ही इथे भोपाळला कसे आलो ते तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्याला दुसऱ्याची भाषा दुरुस्त करायची आहे, त्याने एवढं जाणून घ्यायला हवं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली. फायलींबरोबर माणसंही आली. माझे आजोबा सचिवालयात कारकून होते, आई तेव्हा सहा वर्षांची. पुढे सरकारी क्वार्टर मिळालं ते टी. टी. नगरात. इथल्या रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे दिवसभर टी. टी. नगर म्हणतात, ते आपल्या तात्या टोप्यांचं नाव. आजोबा दर पंधरा दिवसांनी नागपूरला पोस्टकार्ड टाकत आणि वरच्या कोपऱ्यात लिहीत : मुक्काम भोपाळ. ती कार्डं अजून एका पत्र्याच्या डब्यात आहेत. निळ्या शाईतला तो ळ, त्याचा शेवटचा फाटा थोडा लांब ओढलेला.

आज त्याच शहरात बसून आईने "भोपाळ" लिहिलं की तू "भोपाल" करतोस. हिंदीत भोपालच बरोबर आहे. शेजाऱ्यांशी आम्ही हिंदीतच बोलतो, त्यांच्या सुखदुःखात हिंदीतच रडतो-हसतो, त्या भाषेशी आमचं काहीही वाकडं नाही. पण बहीण बहिणीला मराठीत लिहिते, तेव्हा तुला मध्ये कुणी बोलावलं?

ळ तुझ्याकडे नाही म्हणावं, तर तसंही नाही. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळला स्वतःची जागा आहे. सरकारने १९८६ मध्ये प्रमाण केलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली की ळ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पलीकडच्या निमाडी बोलीत तो रोज बोलला जातो. अक्षर आहे. तुझ्या शब्दसंग्रहाला ते नको आहे.

आईच्या फोनवर ळ कसा काढावा लागतो, ते एकदा तिच्या शेजारी बसून बघ. ल वर बोट दाबून धरायचं. वर एक छोटी चौकट उघडते. मग बोट न उचलता तिथपर्यंत सरकवायचं आणि मगच सोडायचं. हा काचेचा पडदा बोटाचा जोर ओळखत नाही. त्याच्यावरच्या सूक्ष्म विद्युतक्षेत्रात बोटाने पडलेला फरक ओळखतो. भोपाळच्या थंडीत आईच्या बोटांना भेगा पडतात, कातडी कोरडी होते, आणि तो फरक त्याला कळेनासा होतो. ती बोट ओलसर करून, पदराला टिपून पुन्हा ठेवते. बोट सरकवताना जरा उचललं गेलं की चौकट मिटते आणि ल उमटतो. चौथ्या खेपेला ळ आला, तिने पुढच्या शब्दाआधी जागा सोडली, की तू झडप घालून त्याचा ल करतोस. जुन्या बटणांच्या फोनवर निदान बोटाखाली कळ लागायची आणि दाबलं तेच अक्षर यायचं.

गेल्या वर्षी पडदा फुटला तेव्हा न्यू मार्केटजवळच्या एका दुकानात तो बदलून घेतला. दुकानातल्या मुलाने फोन पुन्हा लावून दिला, त्यात हिंदी कीबोर्ड. मी मराठी मागितलं तर म्हणाला, "आंटी, देवनागरी तो देवनागरी है, एक ही बात है।" त्याच्यावर मी रागावले नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुला मात्र घडवणाऱ्यांना भाषा आणि लिपी यांतला फरक पुरता ठाऊक आहे. तुझ्या यादीत मराठी वेगळी आहे, मी स्वतः पाहिली. तरी फोन भोपाळचा म्हणून माणूस हिंदीच, असं गृहीत धरून तू कामाला लागतोस आणि जे हिंदीत बसत नाही त्याला चूक ठरवतोस.

सगळ्यात वाईट गोष्ट मला उशिरा कळली. जानेवारीत आईचे संदेश एकदम शुद्ध यायला लागले. मला वाटलं, तिला जमलं. मग एकदा ते सलग वाचले. बाळाला ती "बेबी" म्हणत होती. "काळजी घे"च्या जागी "जपून राहा". "कळलं" नाही, "समजलं". "जवळ" नाही, "बाजूला". संक्रांतीला तिळगूळ हा शब्द टाळून तिने नुसतं लाडवाचं चित्र पाठवलं होतं. तू ज्या शब्दांना हात लावतोस, ते शब्द तिने लिहायचेच सोडून दिले होते. एवढ्या वर्षांत भोपाळने तिच्या तोंडचा एक शब्द काढून घेतला नाही. तू एका थंडीत काढून घेतलेस.

परवा मी तुला तिच्या फोनमधून बंद केलं आणि मराठी कीबोर्ड लावला. आईला म्हटलं, लिही आता. तिने बोट टिपलं, बराच वेळ पडद्यावर धरून ठेवलं, आणि "बाळ" लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "राहील ना हे?"

राहिलं. पण दर अपडेटनंतर मला ते तपासावं लागणार आहे. ज्या घरात तपासणारं कुणी नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, याचं उत्तर मला तुझ्याकडून हवं आहे.

खाली गावाचं नाव लिहिते आहे. त्याला हात लावू नकोस.

मुक्काम भोपाळ